साहेब ‘बघून घ्या’ म्हणाले होते, ताई

ताई,

तुझ्या जलदान विधीला खुर्च्या कमी पडल्या. पल्लवीने विचारलं होतं, “मामा, किती सांगायच्या?” आणि मी अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो, पन्नास पुरेत. तुझ्या लेकीने माझ्यावर विश्वास ठेवला. ऐन वेळी सावेडीतल्या तुमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी आपापल्या घरातल्या खुर्च्या खाली आणल्या. प्लॅस्टिकच्या, लाकडी, आणि एक चाकांची, कुणाच्या तरी मुलाच्या अभ्यासाची. ती माझ्या वाट्याला आली. बौद्धाचार्य गाथा म्हणत होते आणि मी पार्किंगच्या उतारावरून हळूहळू पुढं सरकत होतो. शेवटी माझ्या बायकोने, सुनीताने, मागून सदरा धरून ठेवला. तुझ्या फोटोकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. तू हसत असणार, असं वाटत होतं.

तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, खर्ड्याहून नगरला कशी आलीस, हे त्या दिवशी बोलणाऱ्यांनी सांगितलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला नऊ वर्षांपूर्वीच्या एका खोट्याबद्दल बोलायचंय. ते मी बोललो आणि त्याचा मेमो तुझ्या फाईलला लागला. आपण चुलत भाऊ-बहीण, आयुष्यभर एकमेकांशी वाद घातले. पण त्या एका विषयाला तूही हात लावला नाहीस आणि मीही नाही. आता सांगतो. जरा फिरून येईन, कारण सरळ रस्त्याने मी कधीच कुठं पोचलेलो नाही.

माझं मोबाईल कव्हरचं दुकान बुडालं, म्हणजे मी ते चांगलं पद्धतशीर बुडवलं, तेव्हा तूच सुप्याच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकलास. चाळिशीतला गडी, आणि नोकरी स्टोअर कीपरची, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. पंपात बसणारी रबरी सील बनवायचा आपला कारखाना. तू ती सील भिंगाखाली धरून तपासायचीस, मी ती खोक्यात मोजून ठेवायचो. सकाळी नगरहून कंपनीची बस. पहिल्याच दिवशी बसमध्ये तू मला म्हणालीस, “राजू, मशीन कळायला तुला आठवडा लागेल. साहेब कळायला वर्ष.”

साहेब माणूस वाईट नव्हते आणि नाहीत. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःहून सुट्टी द्यायचे. पण वाक्य पूर्ण करायची त्यांना सवयच नव्हती. “ते तेवढं करून घ्या.” “नेहमीसारखं बघा.” “कालच्यासारखं नको.” काल कसं झालं होतं आणि त्यातलं नेमकं काय नको, हे विचारायच्या आत ते फोन कानाला लावून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असायचे. माझा त्यावरचा उपाय सोपा होता. समजलं नाही की काहीच करायचं नाही. हात मागे बांधून उभं राहायचं. ते परत येऊन ओरडले की ओरडण्यातून कळायचं काय हवं होतं.

तुला माझा हा उपाय सहन व्हायचा नाही. बसमध्ये सुप्यापासून नगरपर्यंत तू माझं डोकं खायचीस.

“त्यांना तरी कोण पूर्ण सांगतंय? वरनं फोन येतो, अर्धं कळतं, त्यातलं अर्धं ते आपल्याला सांगतात. राहिलेलं आपणच जुळवायचं असतं.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर परत फिरवता येतंय का, तेवढं आधी बघायचं. येत असलं तर करून टाकायचं.”

“आणि येत नसलं तर?”

“तर थांबायचं आणि विचारायचं. पण तू आधीच थांबतोस. तुला सगळीकडंच थांबायचं असतं. तुझं दुकानबी तसंच थांबलं.”

पुढच्या सीटवर पॅकिंगच्या सरूबाई बसायच्या. त्या मागे न बघताच म्हणायच्या, “ताई, त्यांना ऱ्हाऊ द्या आता, केडगाव आलं.”

तुझं ऐकून मी एकदा स्वतःहून काम केलं. ते तुला विसरता येणं शक्यच नाही, कारण त्या कामापायी तुझी चांगली चप्पल गेली.

साहेब म्हणाले, “स्टोअर जरा मोकळं करा, पाहुणे येतायत.” कुठले पाहुणे, कधी, किती मोकळं, काही नाही. हात मागे बांधणार होतो, पण तुझे बसमधले शब्द आठवले. म्हटलं, आज दाखवूच. रद्दी काढली, मोडके ट्रे काढले, फाटकी पोती काढली. मग तपासणीच्या टेबलामागच्या भिंतीवर मला एक फळी दिसली. तिच्यावर तारेने बांधलेली वीस-पंचवीस सील. एकाची कड फाटलेली, एकाला बुडबुडा, एक वाकडं, एक अर्धवट भाजलेलं. मी मनात म्हटलं, बघा, इतका खराब माल, आणि लोकांनी शोभेला टांगलाय. सगळा काढला, भंगारच्या गोणीत टाकला आणि गोणी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली. वर फळी ओल्या फडक्याने पुसली.

तू जेवण करून आलीस आणि भिंतीकडे बघत उभी राहिलीस.

“राजू, इथले नमुने कुठंयत?”

“कसले नमुने? सगळी नापास सील होती.”

“अरे, ते नापासच ठेवायचे असतात. नवीन बायकांना काय दाखवायचं मग, नापास कसं दिसतं ते?”

खराब माल कुणी जपून ठेवतं, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दुकानात खराब माल आपोआप जपला जायचा, ती गोष्ट वेगळी. तू ओरडली नाहीस. गेटवर जाऊन टेम्पो कुठल्या बाजूला गेला ते विचारलंस, मला वॉचमनची मोटरसायकल मागून घ्यायला लावलीस आणि भंगारवाल्याच्या आवारात ओढणी कमरेला खोचून तू ढिगात उतरलीस. मी आपला काठावरून “इकडं बघ, तिकडं बघ” करत होतो. तासाभराने तू वर आलीस तेव्हा हातात एकोणीस सील होती आणि पायात एकच चप्पल. साहेबांना तू सांगितलंस की फळी धुवायला काढली होती. त्यात खोटं काही नव्हतं, फळी खरंच पुसलेली होती. परत येताना मागच्या सीटवरून म्हणालीस, “फळीबरोबर जरा डोकंबी पुसायचं होतंस.” एवढीच शिक्षा.

हे सांगायचं कारण एवढंच, की तू मला कसं वाचवायचीस ते आधी यावं. मी काय केलं ते आता येतं.

त्यानंतर महिना-दीड महिना झाला असेल. तू बारा खोकी माल अडवून ठेवला होतास. शेडच्या कोपऱ्यात, अडवलेल्या मालासाठी जमिनीवर आखलेल्या लाल पट्टीच्या आत. काही सीलच्या कडेला बारीक चिरा दिसल्या होत्या. साहेब पुण्याला मीटिंगला गेलेले. दुपारी स्टोअरमधला फोन वाजला, मी उचलला. साहेब घाईत होते. म्हणाले, “त्या अडवलेल्या मालाचं सुमनबाईंना बघून घ्यायला सांग. गाडी आज गेली पाहिजे.” आणि फोन बंद.

मी धावत येऊन तुला जसंच्या तसं सांगितलं. तू भिंग खाली ठेवलंस.

“बघून घ्या म्हणजे काय? परत तपासू, का सही करून सोडू?”

“मला काय माहीत. तेवढंच म्हणाले.”

तू तीनदा फोन लावलास. बंद. गाडीचा ड्रायव्हर शेडच्या दारात येऊन उभा राहिला होता. “म्याडम, माझं काय न्हाई, पर तिकडचं गेट सातला बंद हुतं.”

मी हात मागे बांधून तयारच होतो. मग तू म्हणालीस, “माल एकदा गेला आणि पंपात बसला की आपल्याला तो परत काढता येणार नाही. राहिलेला उद्या पाठवता येतो. उघडा खोकी.” पॅकिंगच्या चार बायका बोलावल्यास. सरूबाई म्हणाल्या, “ताई, आमी थांबतो, पर बस चुकंल.” तू म्हणालीस, “बसवाल्याला मी सांगते.” आणि तुम्ही पाचजणींनी एकेक सील हातात घेऊन, दोन बोटांत वाकवून, उजेडाला धरून तपासलं. मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो. गाडी सुटायच्या वेळेला पाच खोकी तयार झाली. ती गेली. सात राहिली.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला माझ्या तोंडाने सांगू दे. तिकडं पंपवाल्यांना बाराच्या बारा हवी होती. त्यांचं काम अडलं, त्यांनी मालकांना फोन केला, मालकांनी साहेबांना. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये तू, मी आणि ऑफिसातले दोघंजण. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. आता विचार करतो तर वाटतं, रात्रभर झोपले नसतील. ते म्हणाले, “मी गाडी पाठवा म्हणालो होतो. माल अडवायला कोणी सांगितलं?”

तू म्हणालीस, “साहेब, बघून घ्या असा निरोप होता.”

“मी असं म्हणालो?” साहेब माझ्याकडे वळले. “फोन तू घेतला होतास ना? काय म्हणालो मी?”

ताई, माझा करार त्या महिन्यात संपत होता. सुनीताने आदल्याच आठवड्यात मुलाला क्लासला घातलं होतं. ही कारणं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण एवढंच, की साहेबांचा आवाज चढला होता आणि मी घाबरलो.

मी म्हणालो, “मी नव्हतो साहेब. मी गेटवर होतो.”

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. भिंगाखाली सील धरल्यावर बघायचीस, तसं बघितलंस. मग साहेबांकडे वळून म्हणालीस, “निरोपाचं राहू द्या साहेब. माल मी अडवला. मला तसं बरोबर वाटलं.”

मेमो निघाला. ‘वरिष्ठांच्या सूचनेशिवाय माल अडवून ठेवला.’ आठ महिने तुला तपासणीतून काढून पॅकिंगला बसवलं. लाईन इन्चार्जची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. आणि माझा करार वाढला.

त्या सात खोक्यांचं नंतर काय झालं, त्यावर मात्र आपण खूप भांडलो, आठवतं? फेरतपासणीत चार खोक्यांत चिरा निघाल्या आणि तीन चांगली निघाली. मी म्हणायचो, “तीन खोकी तू उगाच अडवलीस.” तू म्हणायचीस, “वेळ नव्हता. वेळ असता तर तीही गेली असती.” मी म्हणायचो, “म्हणजे तू चुकलीस.” तू म्हणायचीस, “तिनात चुकले. चारात नाही.” इतक्या शांतपणे म्हणायचीस की मला अजून चेव यायचा. आता कळतं, मी तुझी तीन खोकी पुन्हा पुन्हा मोजत होतो, कारण माझं जे होतं ते मोजायची माझी तयारी नव्हती.

मला वाटलं होतं, मेमो लागल्यावर तू माझ्या पंथाला लागशील. हात मागे. पण पॅकिंगला बसूनही तू तशीच राहिलीस. फक्त एक सवय नवीन लावून घेतलीस. साहेबांचा अर्धा निरोप आला की तू मोबाईलवर त्यांना लिहून पाठवायचीस: ‘साहेब, तुमच्या बोलण्यावरून मी असं समजले. अकरा वाजता काम सुरू करते. वेगळं काही असेल तर त्याआधी कळवा.’ आधी ते वैतागायचे. “सुमनबाई, हे काय निबंध लिहिता?” मग हळूहळू ते वाचायला लागले. मग त्यांचे निरोप लांबायला लागले. एकदा तर साहेबांनी चार ओळींचा पूर्ण मेसेज पाठवला, किती, कुठं, कधीपर्यंत, सगळं लिहून. तू तो आख्ख्या पॅकिंगला दाखवलास. सरूबाई म्हणाल्या, “साहेबांची तब्येत बरी हाय ना?” तपासणीत तुला परत घेतलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. तुझ्या खुर्चीवर तुझं भिंग तेवढं आणून ठेवलं होतं.

दवाखान्यात मी एकदा विषय काढायचा प्रयत्न केला. तू उशीला टेकून बसली होतीस, हाताला सलाईन, केस गेल्यामुळे डोक्याला रुमाल. मी शहाळं घेऊन आलो होतो आणि ते फोडायला काही आणलं नव्हतं, हे ओघानं आलंच. मी म्हणालो, “ताई, त्या केबिनमध्ये त्या दिवशी...” तू म्हणालीस, “राजू, पडदा ओढ रे, ऊन येतंय.” मी पडदा ओढला. परत येऊन बसलो तर तू डोळे मिटले होतेस. तू मला थांबवलंस की तुला खरंच ऊन लागत होतं, हे मी किती दिवस ठरवतोय. अजून ठरलेलं नाही. बहुतेक तुला ऊन लागत होतं. तू सूचना नेहमी स्पष्टच द्यायचीस.

तर जलदान विधीला साहेब आले होते. गाथा झाल्यावर लोक दोन शब्द बोलतात, तसे तेही उठले. चांगलं बोलले. मनापासून बोलले. म्हणाले, सुमनबाईंमुळे आम्ही नीट सांगायला शिकलो. लोक माना डोलवत होते. मग म्हणाले, “इतक्या वर्षांत त्यांनी फक्त एकदाच, न विचारता, माल अडवला होता. आता त्याचं काही वाटत नाही. माणूस म्हटल्यावर एखादी चूक होतेच.”

त्यांनी मोठ्या मनानेच म्हटलं, ताई. तुझा फोटो मागे, पुढं मेणबत्त्या, पल्लवी पांढऱ्या साडीत समोर बसलेली. आणि त्या सगळ्यांपुढे ती तुझी चूक झाली, कायमची.

मी उठलो. चाकांची खुर्ची मागे गेली आणि कुणाच्या तरी पायाला लागली. माईकपर्यंत गेलो असतो तर वाटेतच परत बसलो असतो, म्हणून जागेवरूनच बोललो. म्हणालो, “साहेब, त्या दिवशी मी गेटवर नव्हतो. तुमचा फोन मीच घेतला होता. तुम्ही ‘बघून घ्या’ म्हणाला होतात. ताईनं तुम्हाला तीनदा फोन लावला होता. मी खोटं बोललो.”

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, “तेव्हा का नाही बोललास?”

“भ्यालो साहेब.”

ते खाली बसले. दुसरं कुणीतरी बोलायला उठलं.

पल्लवी माझ्याकडे न बघता उठली आणि आलेल्यांना पाणी द्यायला लागली. मला दिलं नाही. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज काही ना काही कारण काढून जायचो, दूध आणलंय, खुर्च्या परत दिल्या का, आणि ती दार उघडून आत निघून जायची. तुझ्यासारखी ओरडत नाही तीही. मी जिन्यात उभा राहून विचार करायचो की ही भाची आपण कायमची घालवली, आणि घालवायला पाहिजेच होती.

पाचव्या दिवशी ती आमच्या घरी आली. चहा नको म्हणाली. उभ्यानेच विचारलं, “मामा, तुम्ही बोललात ते लेखी द्याल?”

मी म्हणालो, “देतो. पण आता काय उपयोग बाळा? ताई नाही.”

“आईची फाईल आहे ना तिथं.”

मी टेबलाशी बसलो. एक पान लिहिलं. तिने वाचलं, म्हणाली, “यात तुमची कारणं जास्त आहेत.” क्लास, करार, सुनीता, सगळं खोडलं. उरल्या त्या सहा ओळी. तिने पुन्हा वाचलं. “आता आईचं पूर्ण नाव लिहा.” मी नवीन कागद घेतला. सही करताना ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मग ती खुर्ची ओढून बसली आणि सुनीताला म्हणाली, “मामी, अर्धा कप चालेल.”

सोमवारी मी ते पान घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी वाचलं. एकदा, मग परत एकदा. कागद टेबलावर ठेवला, सरळ केला. माझी नोकरी जाईल की राहील, याचा अंदाज मी त्यांच्या चेहऱ्यावरून लावत होतो आणि लागत नव्हता. ते म्हणाले, “याचं मी काय करू?”

ताई, साहेबांनी मला काय करू असं विचारायची ही पहिलीच वेळ. तू असतीस तर नीट सांगितलं असतंस. मी एक श्वास घेतला आणि म्हणालो, “सुमन ताईंच्या फाईलला लावा साहेब. मेमोच्या वर, खाली नाही. आणि आजच लावा, माझ्यासमोर.”

त्यांनी फाईल मागवली. माझ्या नोकरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, अजूनही बोललेले नाहीत. फाईल उघडल्यावर मेमो दिसला, कडा पिवळ्या पडलेल्या. साहेब त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसले. मग माझ्या कागदाला भोकं पाडायला त्यांनी ड्रॉवर उघडला, पण पंचिंग मशीन काही सापडेना.

ते मला काही म्हणाले नाहीत. मी स्टोअरमध्ये जाऊन घेऊन आलो.